एका चौकाराची थकबाकी

हृषीकेश कानिटकर हे नाव पुण्यातल्या चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही क्रिकेटवेड्यासमोर घेऊन पाहा. तो लगेच म्हणेल, ‘ढाक्याचा चौकार!’ मग हवेत बॅट फिरवून दाखवेल, सकलेनचं नाव घेईल आणि जरा थांबून पुस्ती जोडेल, ‘पण नंतर काय केलं त्याने? एका फटक्यावर नाव झालं.’ कौतुक आणि टोमणा एकाच श्वासात देण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

गेल्या काही वर्षांत या संवादात एक नवं वाक्य आलं आहे. ‘कोच म्हणून मात्र भारी निघाला हं. अंडर-१९चा वर्ल्ड कप जिंकून दिला पोरांना.’ हे म्हणताना बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक औदार्य असतं, जणू एका माणसाचा जुना गुन्हा माफ झाला. गुन्हा कोणता होता, हे मात्र कुणी सांगत नाही. मला तेवढंच विचारायचं आहे. आपण कानिटकरचं नव्याने मोल करतो आहोत असं आपल्याला वाटतं. मला त्यात आपली तीच जुनी खोड दिसते. करंडक आला की पाय धरायचे, नाही आला की पाय ओढायचे. या खेपेला निकाल त्याच्या बाजूने लागला, एवढाच काय तो फरक.

आधी तो चौकार. १८ जानेवारी १९९८. बांगलादेशच्या स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ढाक्यात भरलेल्या स्पर्धेचा तिसरा अंतिम सामना. पाकिस्तानने ४८ षटकांत ३१४ धावा ठोकल्या होत्या. सईद अन्वरच्या १४०, इजाझ अहमदच्या ११७. इतक्या धावांचा पाठलाग करून एकदिवसीय सामना तोवर कुणी जिंकलेला नव्हता. गांगुलीने १२४ केल्या, रॉबिन सिंगने ८२, आणि तरी घोडं शेवटच्या षटकापर्यंत अडलंच. उजेड जवळजवळ संपलेला. दोन चेंडू, तीन धावा. समोर सकलेन मुश्ताक, त्या काळचा सर्वांत बेरकी ऑफस्पिनर. दुसऱ्या टोकाला श्रीनाथ. तेवीस वर्षांच्या डावखुऱ्या पोराने मिडविकेटच्या दिशेने बॅट घातली आणि चेंडू सीमेपार गेला. नाबाद ११.

त्या संध्याकाळी आपण नाचलो, फटाके उडवले, आणि त्याच्या नावाने एक खातं उघडून टाकलं. तो चौकार आपण त्याला दिलेलं कर्ज होतं जणू. आता प्रत्येक सामन्यात त्याने त्याचे हप्ते फेडायचे. हप्ते थकले. ३४ एकदिवसीय सामने, ३३९ धावा, एकच अर्धशतक. १९९९-२००० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात दोन कसोटी मिळाल्या. मेलबर्नला ११ आणि ४५, सिडनीला १० आणि ८. मेलबर्नची ती कसोटी ब्रेट लीची पहिली. मालिका भारत ३-० असा सपाटून हरला. पंचविशीत कानिटकरचं आंतरराष्ट्रीय दुकान बंद झालं आणि आपण खात्यावर शेरा मारला: बुडीत.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. त्याचे वडील हेमंत कानिटकर महाराष्ट्राचे यष्टिरक्षक-फलंदाज. हृषीकेशचा जन्म १४ नोव्हेंबर १९७४ चा. त्यानंतर आठच दिवसांनी बंगळुरूला हेमंतरावांची वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी सुरू झाली. व्हिव्हियन रिचर्ड्स आणि गॉर्डन ग्रीनिज यांचीही ती पहिलीच. पदार्पणात हेमंतरावांनी ६५ धावा केल्या, आणि त्यांनाही एकूण कसोट्या मिळाल्या दोनच. म्हणजे दार किती लवकर बंद होतं, हे हृषीकेशला घरातच ठाऊक होतं. दार बंद झाल्यावर काय करायचं, हेही त्याने घरातच पाहिलं असणार, कारण हेमंतरावांनी पुढे महाराष्ट्राच्या संघाला शिकवण्याचं काम केलं. हे काम करणाऱ्याचा फोटो वर्तमानपत्रात सहसा येत नाही. आला तर संघाच्या फोटोत, कडेला उभा.

आता ज्याकडे आपण पाहिलंच नाही ते खातं. प्रथम श्रेणीचे १४६ सामने, १०,४०० धावा, ३३ शतकं, सरासरी बावन्नच्या वर. रणजी करंडकात आठ हजारांहून अधिक धावा. महाराष्ट्राकडून, मग मध्य प्रदेशाकडून, शेवटी राजस्थानकडून. पैकी राजस्थानचा अध्याय मला फार मोलाचा वाटतो, आणि पुण्यात त्याची चर्चा जवळजवळ होत नाही.

राजस्थान हा साठच्या दशकात मुंबईकडून पुन्हा पुन्हा अंतिम सामना हरलेला संघ. २०१०-११ मध्ये तो प्लेट गटात होता, म्हणजे तळातल्या दुय्यम संघांच्या रांगेत. बाहेरून तीन अनुभवी माणसं आणली गेली: आकाश चोप्रा, रश्मी रंजन परिदा आणि कानिटकर. कर्णधार कानिटकर. पहिल्याच सामन्यात जयपूरला हैदराबादचा डाव २१ धावांत आटोपला. दीपक चहर नावाच्या नवख्या पोराने पदार्पणात १० धावांत ८ बळी घेतले. तिथून हा संघ थेट बडोद्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि करंडक घेऊन आला. प्लेट गटातून येऊन रणजी जिंकणारा हा पहिला संघ. लोक म्हणाले, नशीब. पुढच्या मोसमात वरच्या गटात खेळून त्याच कर्णधाराने चेन्नईत तमिळनाडूला त्यांच्याच अंगणात नमवलं. विनीत सक्सेनाने एकट्याने २५७ केल्या आणि राजस्थानने ६२१ धावा उभारल्या. नशीब सलग दोन वर्षं, दोन वेगळ्या गटांत सोबत करत नाही. नव्या पोरांना कधी चेंडू द्यायचा, कुठल्या फलंदाजाला दोन दिवस खेळपट्टीवर ठाण मांडायला सांगायचं, परक्या गावातल्या ड्रेसिंग रूममध्ये आपलेपणा कसा मिळवायचा, हे तिथे ठरत होतं. पुढे कोच म्हणून जो माणूस आपल्याला ‘अचानक’ दिसला, तो तिथे घडत होता. आपलं लक्ष नव्हतं इतकंच.

लक्ष का नव्हतं? कारण आपली मोजपट्टी एकच: ‘इंडिया खेळलाय का? किती खेळलाय?’

खरं तर या शहराला ही मोजपट्टी शोभत नाही. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. भारत १९३२ मध्ये पहिली कसोटी खेळला तेव्हा ते चाळिशीचे होते. त्याच देवधरांनी महाराष्ट्राला १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक मिळवून दिला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. त्यानंतर आजतागायत महाराष्ट्राला तो करंडक पुन्हा मिळालेला नाही. आणि भाऊसाहेब निंबाळकर! डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला आणि पाहुण्या संघाने सामनाच सोडून दिला. निंबाळकरांनाही भारताची कसोटी टोपी मिळाली नाही. त्यांना तेवढ्यावरून कमी लेखायची हिंमत आज पुण्यात कुणी करणार नाही. मेलेल्यांना आपण सवलत देतो. जिवंत माणसाकडून हिशेब मागतो.

आता कोच कानिटकर. इथे जरा जपून बोलायला हवं, कारण एक चूक सुधारताना आपण दुसरी करून बसतो.

निवृत्तीनंतर, २०१६-१७ मध्ये त्याच्या हाताखालच्या तमिळनाडूने विजय हजारे करंडक जिंकला. मग राष्ट्रीय क्रिकेट अकादमी, आणि २०२२ च्या सुरुवातीला वेस्ट इंडीजमधली १९ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा. त्या स्पर्धेतला लोकांच्या लक्षात राहिलेला सामना अँटिगातला अंतिम. ५ फेब्रुवारी, इंग्लंड १८९, आणि दिनेश बानाचे शेवटचे दोन षटकार. मला मात्र १९ जानेवारीचा आयर्लंडविरुद्धचा सामना महत्त्वाचा वाटतो. कोविडमुळे कर्णधार यश धुल आणि उपकर्णधार शेख रशीद यांच्यासह सहा खेळाडू विलगीकरणात. सतरांतले उरले बरोबर अकरा. बदली खेळाडू नाही, कुणाच्या पायात गोळा आला तरी पर्याय नाही. निशांत सिंधूने ऐनवेळी नेतृत्व केलं, तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरने शेवटी १७ चेंडूंत नाबाद ३९ कुटल्या, भारत १७४ धावांनी जिंकला. सतरा-अठरा वर्षांची पोरं, परदेशात, हॉटेलच्या खोल्यांत कोंडलेली, शेजारच्या खोलीतला मित्र पॉझिटिव्ह. अशा वेळी कोच नेमकं काय करतो, हे धावफलकावर उमटत नाही. कोण घाबरलंय, कुणाला घरी फोन लावून द्यायला हवा, नेट्स न मिळता कुणाचा सराव कसा करून घ्यायचा, असल्या बारीकसारीक गोष्टींचं ते काम असतं.

मग हा विजय कानिटकरचा का? काही अंशी. त्या संघाबरोबर अकादमीचे प्रमुख व्ही. व्ही. एस. लक्ष्मण होते, साईराज बहुतुले आणि मुनीश बाली होते, आणि राज बावासारखा पोरगा होता, ज्याने युगांडाविरुद्ध नाबाद १६२ केल्या आणि अंतिम सामन्यात पाच बळी घेतले. कोचचं श्रेय वेगळं काढून तराजूत घालता येत नाही. आणि हेच आपल्याला पचत नाही. आपल्याला एक चेहरा लागतो, हार घालायला किंवा चिखल फेकायला.

दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत तीच स्पर्धा. कोच पुन्हा कानिटकरच. एकही सामना न हरता भारत अंतिम फेरीत. उपान्त्य सामन्यात ३२ धावांत चार गडी गेलेले असताना बीडच्या सचिन धसने ९६ आणि उदय सहारनने ८१ करून यजमानांच्या घशातून सामना काढला. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून ७९ धावांनी हार. मला सांगा, २०२२ चा कोच हुशार आणि २०२४ चा बिनकामाचा का? त्याआधी फेब्रुवारी २०२३ मध्ये, महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची रिकामी असताना फलंदाजी प्रशिक्षक म्हणून तो टी-ट्वेंटी विश्वचषकाला संघाबरोबर होता. केपटाऊनचा उपान्त्य सामना, ऑस्ट्रेलियापुढे पाच धावांनी पराभव. हरमनप्रीतची बॅट जमिनीत अडकली आणि ती धावबाद झाली. बॅट अडकली नसती तर कानिटकर थोर ठरला असता? ज्या मोजमापात बॅटचं टोक मातीत रुतणं इतकं निर्णायक ठरतं, त्याला मूल्यमापन म्हणू नये.

याहून ठसठशीत उदाहरण मुंबईच्या अमोल मुझुमदारचं. ११,१६७ प्रथम श्रेणी धावा, रणजी पदार्पणात २६०, आणि भारताकडून एकही सामना नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायदेशातल्या विश्वचषकात संघ दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडकडून ओळीने तीन सामने हरला, तेव्हा ‘जो स्वतः इंडिया खेळला नाही तो काय शिकवणार’ हे ऐकू आलंच. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला आणि तीच तोंडं ‘न खेळलेला महान खेळाडू’ म्हणून गहिवरली. मधल्या दोन आठवड्यांत मुझुमदारच्या कारकिर्दीत एकही धाव वाढली नव्हती.

त्याच स्पर्धेत न्याय्य टीकेला जागा होती, हेही सांगायला हवं. इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवून जादा गोलंदाज खेळवला. सामना चार धावांनी गेला. मग जेमिमा परतली आणि उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ च्या पाठलागात नाबाद १२७ करून गेली. जेमिमाला वगळणं बरोबर होतं की चूक, यावर चहाचे दोन कप संपेपर्यंत भांडा. ती चर्चा कसाची आहे. कुणी म्हणेल गोलंदाजी तोकडी पडत होती, कुणी म्हणेल बळी फलंदाजाचाच का. दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. कोचच्या निर्णयाची अशी चिरफाड करणं हा चाहत्याचा हक्क आहे आणि त्यातून खेळही समजतो. माणूसच टाकाऊ ठरवायला मात्र खेळ समजावा लागत नाही, नुसता निकाल कळला तरी भागतं.

ही खोड आपल्यापुरती नाही. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांनी १९८९ मध्ये अ‍ॅलेक्स फर्ग्युसनला चालतं व्हा म्हणणारा फलक मैदानात फडकवला होता. पुढची वीस-बावीस वर्षं त्यांनी काय फडकवलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण तिथे निदान फलक धरणारे दर शनिवारी मैदानात येऊन बसत होते. आपण घरी पंख्याखाली बसून निकाल देतो.

‘एवढं काय मनावर घ्यायचं? खेळ आहे, लोक बोलणारच,’ असं कुणी म्हणेल. कानिटकरचं किंवा मुझुमदारचं आपल्या बोलण्याने काही बिघडत नाही, हे मलाही मान्य. ज्यांचं बिघडतं ते वेगळेच. रविवारी सकाळी शहरातल्या कुठल्याही मैदानावर नेट्सच्या जाळीमागे जाऊन उभे राहा. आत एक सर साइडआर्मने चेंडू फेकतायत, खांदा एव्हाना भरून आलेला, आणि बाहेर पालकांची रांग. ‘सर, याला वरच्या नंबरवर पाठवा ना.’ ‘सर, इन्व्हिटेशनच्या टीममध्ये आमचा का नाही?’ आणि सरांची पाठ वळली की हळूच, ‘हे स्वतः कुठवर खेळलेत हो? रणजी तरी?’ दहा वर्षांचा पोरगा पॅड बांधता बांधता हे ऐकत असतो. समोरचा माणूस मला बॅट सरळ आणायला शिकवतोय, पण त्याचं म्हणणं मानायचं की नाही हे तो कुठवर खेळला त्यावर ठरतं, असा धडा त्याला मिळतो. वर्षभरात तो पोरगा सरांशी तसंच बोलायला लागतो. मग अकादम्याही शहाण्या होतात. फाटकावर कुणातरी माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूचा मोठा फोटो लागतो. तो खेळाडू वर्षातून एकदा फीत कापायला येतो, फी त्याच्या फोटोमुळे वाढते, आणि ऊन खाऊन चेंडू फेकणाऱ्या सरांच्या हातात त्यातलं काय पडतं ते त्यांनाच विचारा. मुलींच्या नेट्सवर शिकवणाऱ्या बाईंची तर याहून वेगळीच तऱ्हा: त्यांना ‘कुठवर खेळलात’ एवढंसुद्धा कुणी विचारत नाही, ‘मुलांच्या सरांना एकदा दाखवून घेऊ का?’ असं विचारतात.

मोठ्या खेळाडूबद्दल आपण टपरीवर जे बोलतो, तेच घरी येतं आणि तेच मैदानावर जातं. एका चौकारावर माणूस मोजणारा बाप एका ट्रायलवर पोरगा मोजतो. अंडर-१४ च्या यादीत नाव आलं नाही की तीन वर्षांची मेहनत ‘वाया’ आणि सर ‘बोगस’. अकादमी बदलते, पुन्हा प्रवेश फी, पुन्हा नवा पवित्रा, पोराचा खेळ मात्र जागच्या जागी.

म्हणून कानिटकरचा फ्लेक्स कोथरूडच्या चौकात लावा, असं मी म्हणणार नाही. फ्लेक्स लावणारे आणि उतरवणारे हात एकाच माणसाचे असतात, हे आपण राजकारणात रोज पाहतो. त्याच्या कामाची माहिती करून घेऊ, तेवढं पुष्कळ. २०२२ चा संघ पुढे कुठे गेला, त्यातले किती रणजीत टिकले, किती हरवले. ज्यांना त्याने थ्रोडाउन दिले त्यांच्या तंत्रात काय बदललं. बारा वर्षांनी एखाद्या फलंदाजाचा मागचा पाय नीट जागेवर येत असेल, तर कोचचं काम तिथे दिसेल. करंडकाच्या दिवशी ते दिसत नाही आणि हरल्याच्या दिवशीही नाही. हे बघायला वेळ लागतो, आणि वेळ न देता मत द्यायची सवय मोडायला त्याहून जास्त.

सुरुवात करायला फार लांब जायला नको. महाराष्ट्राचा रणजी सामना गहुंजेला असला की सदतीस हजारांचं स्टेडियम ओस असतं. बाकड्यांवर खेळाडूंचे नातेवाईक, दोन-चार म्हातारे दर्दी, आणि सीमारेषेबाहेर हातात वही घेऊन बसलेला कोच. खेळ बहुधा सकाळी साडेनऊला सुरू होतो. शहरापासून लांब आहे, बसची खात्री नाही, तेव्हा दुचाकी काढा. डबा सोबत न्या. तिथे चहा मिळेल याचीसुद्धा हमी मी देत नाही.